टायफॉइड नव्हता

आई, तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. भेटायला येणारे दारातूनच म्हणतात, भरलं आयुष्य जगल्या, अठ्ठ्याऐंशी म्हणजे काही कमी नाही, सोनं झालं. मी मान हलवते आणि चहा ठेवते. तेरवीच्या दिवशी मात्र तुमच्या एका पुतण्यानं बुंदीचा घास घेता घेता सुधीरला विचारलं, "काकूले तुम्ही दर हप्त्याले त्या मॅडमकडे नेत होते म्हणे. त्यानं झालं का काही?" तुमच्या मुलानं नेहमीसारखी त्याच्या ताटात आणखी बुंदी वाढली. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हटलं, "खूप झालं. बसा, सांगते." तो काही बसला नाही, त्याला घाई होती.

म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं तुम्ही ते ऐकलेलं नाही. आणि सून म्हणून मला काही गोष्टी कबूल करायच्या आहेत.

पहिली गोष्ट बेलची. तुम्ही तेव्हा पंच्याऐंशीच्या होतात. दाराची बेल वाजली की तुम्ही जिथे असाल तिथून उठायच्या, न्हाणीघरात जायच्या आणि आतून कडी लावून घ्यायच्या. दूधवाला असो, कुरिअरवाला असो, शेजारच्या जोशीबाई असोत. पंधरा-वीस मिनिटं बाहेर यायच्या नाहीत. आधी मला वाटलं, पोट बिघडलं असेल. मग वाटलं, आल्यागेल्याचं मलाच करावं लागावं म्हणून तुम्ही टाळता. मी हे माझ्या बहिणीला फोनवर सांगितलं आणि आम्ही दोघी हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

नंतर तुमचं जेवण कमी झालं. मग बोलणं. दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. ब्लाउज अंगात सैल व्हायला लागले तेव्हा मी तुम्हाला आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, लघवी तपासली आणि म्हणाले, वयाचं आहे. मग कोणीतरी सांगितलं, विसरण्याचा आजार असेल, म्हणून आपण दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागद पुढे केला आणि घड्याळ काढून दाखवा म्हणाले. तुम्ही पेन्सिल टेबलावर ठेवली. "घरी आहे ना घड्याळ. मी काढू काहून?" कित्येक आठवड्यांनंतर तुम्ही सबंध वाक्य बोलला होतात. मी मात्र डॉक्टरांची माफी मागितली. तुमच्या देखत, तुम्ही तिथे नसल्यासारखं म्हणाले, "हल्ली अशाच वागतात त्या."

आणि मग उशी. अभ्रा बदलताना आतून तुमच्या गोळ्या निघाल्या. रक्तदाबाच्या, झोपेच्या. कागदाच्या पुड्यांत नीट बांधलेल्या. मी पलंगावर बसले. तुम्ही खुर्चीवरून माझ्याकडे बघत होता आणि मी तुमच्याकडे. विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, आई. मी पुड्या उचलल्या, कपाटात कुलूपबंद केल्या आणि तुम्हाला म्हटलं, "चहा घेता का?"

पंचवीस वर्षांच्या मुलीच्या उशीत हे सापडलं असतं तर सगळं घर मुळापासून हललं असतं. माहेरचे आले असते, सासरचे आले असते. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईच्या उशीत सापडलं आणि सुधीर मला हळूच म्हणाला, "थकली असेल गं ती." जणू थकलेल्या माणसानं मरायची तयारी करणं म्हणजे रीतच आहे. त्यावर मी भांडले, पण दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी मीही तसंच समजले होते.

अवनीचा पत्ता मला शाळेतल्या माझ्या जुन्या सहकारी बाईंकडून मिळाला. एकतीस वर्षांची मुलगी. मानसोपचार शिकलेली आणि त्यातही म्हाताऱ्या माणसांबरोबर काम करायचं म्हणून हट्टानं बसलेली. मी फोनवर उशीबद्दल सांगितलं तेव्हा ती म्हणाली की आजच येते. त्यांना आणू नका, मी येते.

तिनं बेल वाजवली आणि तुम्ही न्हाणीघरात गेलात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अवनीनं मात्र स्वयंपाकघरातला छोटा स्टूल मागितला, न्हाणीच्या दाराशी ठेवला आणि त्यावर बसली. तुम्हाला ऐकायला कमी येतं हे मी सांगितलं होतं, म्हणून ती मोठ्यानं बोलत होती. सगळ्या बिल्डिंगला ऐकू जात असेल. तिनं तिचं नाव सांगितलं, काम सांगितलं. मग म्हणाली, "तुम्हाला कोणी न्यायला येईल असं वाटतं का?"

तिनं स्टूल आणखी दाराजवळ ओढला.

"मी न्यायला आले नाही. न्यायचं म्हटलं तरी माझ्याकडे स्कूटी आहे, तिच्यावर तुम्ही बसणार नाही."

कडी उघडली. तुम्ही दारात उभ्या होतात, पदर डोक्यावरून घेतलेला, मी आपल्या घरी कधीच न पाहिलेला. तिनं तुम्हाला खोलीत नेलं, दार लोटलं, आणि लोटायच्या आधी तिनं विचारलेलं मी ऐकलं: "मरून जावं असं वाटतं का?" आणि तुमचं उत्तर: "हो." इतकं सरळ. आम्ही कोणी विचारलं असतं तर आम्हालाही तुम्ही तेवढंच सरळ सांगितलं असतंत.

त्यानंतर गुरुवार सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञांनी एक लहानशी गोळीही दिली, ती मी माझ्या हातानं द्यायची असं ठरलं. अवनीची खोली धरमपेठेत पहिल्या मजल्यावर होती. तिथे सतरा पायऱ्या होत्या. पहिले दोन गुरुवार तुम्ही कठडा धरून चढलात आणि वर पोचल्यावर दम खाण्यातच निम्मा वेळ गेला. मग तिनं तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना विचारून दुपारी बंद असतो तेव्हा त्यांचा दवाखाना मागून घेतला. तुम्ही तीन वर्षं दाढेच्या मोठ्या चित्राखाली बसून आयुष्य उलगडलंत. तोंडात एकही दात स्वतःचा नसताना. हे तुमचंच वाक्य, आणि ते बोलताना तुम्ही हसला होतात.

पहिल्याच महिन्यात तुम्ही तिला सुनावलंत. ती तुम्हाला आजी म्हणायची. "मी तुही आजी नाही वं. मले नाव आहे. कमल." तेव्हापासून ती तुम्हाला कमलताई म्हणायला लागली. घरी येऊन तुम्ही मला हे सांगितलं आणि माझ्याकडे रोखून बघत राहिलात. पुढचं मला कळायला हवं होतं. ते कळलं आपण पुन्हा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा. मी सवयीनं सुरुवात केली की आई जेवत नाहीत, आईंना झोप नाही. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवला. "मले विचारा. मी इथंच बसली आहे." डॉक्टरांनी खुर्ची तुमच्याकडे वळवली. मला राग आला, आई. एवढं करून मीच वाईट, असं वाटलं. दोन दिवस मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तुम्ही त्याचीही पर्वा केली नाही.

लोकांना वाटतं, असल्या उपचारानं माणूस शांत होतं, गोड होतं. तुम्ही काही गोड झाला नाहीत. भाजीत मीठ कमी असलं की ताट सरकवायला लागलात. आपल्या वस्तीतल्या ज्येष्ठांच्या आरोग्य शिबिरात माइक मागून घेतलात आणि म्हणालात, वजन झालं, साखर झाली, रात्रीची भीती कोणी मोजून नाही राहिलं. आयोजकांनी टाळ्या वाजवून विषय संपवला. पण मागच्या रांगेतल्या एक बाई तुमच्या मागोमाग फाटकापर्यंत आल्या. त्या नव्वदीच्या होत्या, आणि तुमचा हात सोडायला तयार नव्हत्या.

पाचव्या महिन्यात एके दुपारी आपण दोघी मेथी निवडत बसलो होतो. तुम्ही मान वर न करता सांगितलंत.

तुम्ही पंचवीसच्या होतात. सुधीर झाला आणि तुम्हाला काही सुचेनासं झालं. झोप गेली. हे बाळ माझं नाही असं वाटायला लागलं. "मी त्याले जवळ घेत नव्हती. पाजाले नाही म्हणो." मग एका दुपारी घरच्यांनी तुम्हाला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवलं. न्यायला आलेल्यांनी दाराची कडी वाजवली तो आवाज तुम्ही साठ वर्षं ऐकत होता. चार महिने तुम्ही तिथे होतात. सुधीर तुमच्या माहेरी, भिवापूरला. तुमची थोरली मुलगी, म्हणजे मीनाताई, आजीजवळ, सीताबर्डीच्या भाड्याच्या खोल्यांत. परत आलात तेव्हा तुमच्या सासूबाईंनी उंबऱ्यातच बजावलं, हे नाव या घरात पुन्हा काढायचं नाही, आणि पुन्हा तसं केलंस तर पुन्हा सोडून येऊ. बाहेर सांगायला टायफॉइड ठरला. मामंजींनीही शेवटपर्यंत टायफॉइडच म्हटलं. नंतर कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत इतकी वर्षं काढलीत, दोरीवरच्या कपड्यांवर रोज राख बसायची ती रोज झटकलीत, शेजारणींना पापड लाटायला बोलावलंत, आणि एवढ्या वर्षांत एकदाही कोणासमोर रडला नाहीत. रडणं दिसलं तर नेतील म्हणून.

मी विचारलं, तिथे त्यांनी फार हाल केले का. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी काहीतरी वेडगळ बोलले.

"दवाखान्यानं मले बरं केलं," तुम्ही म्हणालात. "तिथं एक नर्सबाई होती, ती मले रोज वेणी घालून दे. घरानं मले लपवलं."

मामंजींबद्दलही तुम्ही बोललात. ते दर रविवारी यायचे, फुटाण्याची पुडी आणायचे, समोर बसून राहायचे. "माणूस चांगला होता. पण एकदा तरी विचाराचं होतं, तिथं कसं वाटे तुले." मेथीच्या काड्या तुम्ही एका रेषेत लावून ठेवल्या होत्या. मी तुम्हाला जवळ घ्यायला हवं होतं. मला ते जमलं नाही. मी काड्या गोळा केल्या.

आपलं खरं भांडण झालं ते सुधीरला सांगण्यावरून. मी म्हटलं, साठी उलटलेला माणूस आहे, हृदयात दोन स्टेंट आहेत, आता कशाला. आईनं आपल्याला जवळ घेतलं नव्हतं हे ऐकून कोणाचं भलं होणार आहे. मला अजूनही वाटतं की मी अगदीच चूक नव्हते. पण तुमचं उत्तर मला आजही परतवता येत नाही. "मी म्हातारी म्हणून मले कोणी काही सांगत नाही, अन् तो हृदयाचा म्हणून त्याले मी सांगाचं नाही. मंग या घरात बोलाचं कोणी कोणाशी?"

महालक्ष्म्यांना मीनाताई रायपूरहून आल्या होत्या. जेवणं झाली, विडे झाले, आणि सुधीर आपल्या नातीला ती ठरलेली गोष्ट सांगायला लागला: पणजीला टायफॉइड झाला होता म्हणून मी भिवापूरला होतो, मिरचीच्या ढिगाशेजारी झोळीत झोपायचो, म्हणून मला तिखट लागत नाही.

"टायफॉइड नव्हता," तुम्ही म्हणालात.

आणि सांगितलंत. चार-पाच वाक्यांत. अवनीबरोबर तुम्ही ती वाक्यं कितीदा म्हणून पाहिली होती हे मला नंतर कळलं. मीनाताई मध्येच उठल्या. "आई, बस झालं. सणाच्या दिवशी काहून हे?"

"बिनासणाचे साठ वर्षं गेले. तेव्हा कोणी विचारलं?"

मीनाताई आत गेल्या आणि बॅग भरायला लागल्या. सुधीरनं चपला घातल्या आणि तो बाहेर पडला. मी तुमच्याकडे बघितलं, म्हटलं, झालं तुमच्या मनासारखं? तुम्ही मान खाली घातली नाही. दोन तासांनी सुधीर परत आला तो तुमच्या कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या घेऊन. त्या संपल्या नव्हत्या. त्यानं त्या तुमच्या उशाशी ठेवल्या आणि तो झोपायला गेला.

नऊ दिवस तो तुमच्याशी बोलला नाही. दहाव्या दिवशी गुरुवार होता. मी रिक्षा बोलवायला फोन काढला तर तो गाडीची किल्ली घेऊन उभा होता. त्यानंतर एकही गुरुवार त्यानं चुकवला नाही. तुम्ही आत, तो बाहेर गाडीत पेपर वाचत. येताना तुम्ही दोघं सीताबर्डीला थांबून कोथिंबिरीची सांबारवडी खायचात, मला न सांगता, आणि रात्री जेवायला दोघांनाही भूक नसायची. गाडीत काय बोलणं व्हायचं ते मला माहीत नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, काही नाही, रस्त्याचं. एवढ्या रस्त्यावर एवढं काय बोलण्यासारखं होतं.

मीनाताईंशी तुमचं जुळलं नाही. त्या फोन करायच्या, तब्येत विचारायच्या, पावसापाण्याचं बोलायच्या. तुम्ही तो विषय काढला की त्यांच्या घरी कोणीतरी दार वाजवत असायचं. तुम्ही मला म्हणायच्या, तिले काय झालं आहे ते मले समजून नाही राहिलं. ती चार वर्षांची होती, तिले काय आठवत असन. शेवटपर्यंत तुम्हाला ते कळलं नाही. हे एक मला फार लागतं.

आता त्या पुतण्याचं. तो म्हणाला, त्यानं झालं का काही? खरं आहे, शेवट सोपा नव्हता. न्यूमोनिया झाला, अतिदक्षता विभागात ठेवलं आणि तापात तुम्ही पुन्हा त्या दुपारी जाऊन पोचलात. नर्स जवळ आली की हात जोडायच्या. "मले नेऊ नका." मी बाहेर काचेशी उभी राहून ते बघितलं. मीही त्या क्षणी म्हटलं, मग हे सगळं कशासाठी होतं? अवनी आली, तुमच्या कानाशी वाकली आणि तुम्हाला नावानं हाक मारून विचारलं, कुठे जायचं आहे. तुम्ही म्हणालात, घरी. आम्ही डॉक्टरांशी बोललो, कागदांवर सह्या केल्या आणि तुम्हाला घरी आणलं. त्या संध्याकाळी तुम्ही सुधीरला ओळखलं, मला ओळखलं, चमचाभर वरणाचं पाणी घेतलं आणि त्यात मीठ नाही म्हणालात. चौथ्या दिवशी सकाळी गेलात, आपल्या पलंगावर, दार उघडं असताना.

तर त्या पुतण्याला मी हे सांगणार होते. पंच्याऐंशीव्या वर्षी ज्या बाईच्या उशीत गोळ्या होत्या, ती तीन वर्षं आणखी जगली आणि त्यातले बहुतेक दिवस तिला जगावंसं वाटत होतं. बेल वाजली की दार ती स्वतः उघडायला जायची, काठी टेकत, आणि उशीर होतो म्हणून कुरिअरवाले कुरकुरायचे. एका घराचं साठ वर्षांचं खोटं तिनं चार वाक्यांत संपवलं. यापेक्षा कमी कामासाठी आपण तरुणांना शाबासकी देतो. आणि समजा तीन वर्षं नसती, तीनच महिने असते, तीन आठवडे असते, तरीही मी हेच म्हटलं असतं. दुखणं किती दिवस उरलेत ते बघून दुखत नाही. औषध मात्र आपण दिवस मोजून देतो.

तुमच्याबद्दल समाजाच्या मासिकात चार ओळी द्यायच्या होत्या. मजकूर आला त्यात लिहिलं होतं, ऐन तरुणपणी टायफॉइडसारख्या दुखण्याला त्यांनी धीरानं तोंड दिलं. मी तो शब्द खोडला आणि खरा लिहिला. नातेवाइकांचे फोन आले. येऊ देत.

अवनी दहाव्या दिवशी येऊन गेली. तुमच्या फोटोसमोर बराच वेळ बसली. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि जे तीन वर्षं मनात होतं ते विचारलं. आई माझ्याबद्दल काय बोलायच्या? ती म्हणाली, "वंदनाताई, ते त्यांचं आहे." मी म्हटलं, आता त्या नाहीत. ती म्हणाली, "तरी त्यांचंच आहे." मी तिच्यावर चिडले. पाठ फिरवून आत आले. पण पायऱ्या चढता चढता मला बरं वाटायला लागलं. तुम्ही गेल्यावर तुमच्या साड्या वाटल्या, पलंग हलवला, चष्मा कोणाला उपयोगी पडेल त्याची चर्चा झाली. तुमची म्हणून कोणी एक गोष्ट राखून ठेवली असेल तर ती त्या मुलीनं. मला ते कधीच कळणार नाही, आणि तसंच असू दे.

मीनाताई अजून इथेच आहेत. तेरवीनंतर निघायच्या होत्या. मासिकाच्या मजकुरावरून माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. परवा दुपारी मी भांडी लावत होते तर त्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तुला माहीत आहे का, त्या सकाळी मी रडली होती. पाटीसाठी. आईनं उठावं म्हणून तिचा पदर ओढत होती. दुपारी आईला नेलं. आजी म्हणाली, तू त्रास दिलास म्हणून आई गेली.

"म्हणून त्या दिवसापासून मी कोणाले त्रास दिला नाही, वंदना. कोणालेच नाही."

आई, सदुसष्ट वर्षांची बाई माझ्या ओट्याशी उभी होती. तिनं खरंच कधी कोणाकडे पाण्याचा पेलाही मागितलेला नाही, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. तुम्हाला हे कळायला हवं होतं. तुम्ही तिला एका वाक्यात मोकळं केलं असतंत. आता ते वाक्य बोलायला तुम्ही नाही, आणि माझ्या तोंडून ते तिला पुरणार नाही. मी मेथीच्या वेळी जे केलं नव्हतं ते केलं, त्यांना जवळ घेतलं. मग अवनीचं नाव काढलं.

त्या म्हणाल्या, "या वयात?"

मी म्हटलं, "आई पंच्याऐंशीच्या होत्या. त्यांच्यापुढे तुम्ही लहान आहात."

त्या ओटा पुसायला लागल्या. पण काल सुधीरकडून रायपूरचं तिकीट रद्द करून घेतलं. आणि आज सकाळी, केस विंचरता विंचरता, आरशातूनच मला म्हणाल्या, "तू सोबत चल. पण आत मी एकटी जाईन."